दाह, संप्रेरकें आणि बहिऱ्या झालेल्या पेशी

प्रस्तुत लेख डुकरांविषयीं आहे हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे ज्यांना हा विषय नकोसा वाटेल त्यांनीं खुशाल पुढील पान काढावें. आमच्या गोरेगांवीं (हें हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील गोरेगांव, मुंबईचें नव्हे) जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्याचा डुकराशीं संबंध येतो तो बहुधा रात्रीं, हरभऱ्याच्या रानांत, आणि तो संबंध गोडीचा नसतो. डुकरें पाळणें हें आपलें काम नव्हे, अशी समजूत आमच्या पिढींत पक्की आहे. परंतु राष्ट्रीय पशुधन अभियानाखालीं २०२१ पासून वराहपालनासहि भांडवली खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली, आणि शिकलेल्या पोरांचें लक्ष तिकडे गेलें. शिवाय जी गोष्ट मी सांगणार आहें ती कांहीं एकट्या डुकराची नव्हे. गाय, म्हैस, शेळी यांच्या अंगांतहि ती थोड्याफार फरकानें तशीच घडते. तेव्हां ज्यांच्या दावणीला दुभती म्हैस आहे त्यांनीं पान न उलटलेलें बरें.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. निवृत्त होऊन गांवीं राहिल्यावर शेजारच्या एका तरुणानें आपल्या नव्या धंद्याचा जमाखर्च मजकडे सोंपविला, म्हणून ही हकीकत मला तारीखवार ठाऊक आहे. त्यानें वैशाखांत, आईपासून नुकतींच तोडलेलीं बावीस पिलें परजिल्ह्यांतून टेंपोंत घालून आणलीं. प्रवास आठ तासांचा, आणि तोहि भर उन्हांतला. लस टोचणारा माणूस पुन्हां लवकर सांपडणार नाहीं म्हणून दुसऱ्याच दिवशीं सकाळीं स्वाइन फीव्हरची लस टोचून घेतली. तिसऱ्या दिवशीं निम्मीं पिलें तापलीं, खोकूं लागलीं, खाद्याला तोंड लावीनात. मग कोणीतरी सुचविलेलें एक इंजेक्शन दुकानांतून आणून त्यानें आपल्याच हातानें टोचलें. दोन तासांत ताप उतरला, पिलें उठून खाऊं लागलीं, आणि मालकास वाटलें कीं जिंकलें. पुढले चार दिवस रोज तेंच इंजेक्शन चाललें. आठव्या दिवसापासून पिलें मरूं लागलीं, तीं बावीसांतलीं नऊ गेलीं. इंजेक्शन डेक्सामेथासोनचें होतें, हें मला पावतीवरून कळलें.

पशुवैद्यांनीं एक मेलेलें पिलूं उघडून पाहिलें. फुप्फुस घट्ट झालेलें, ठिकठिकाणीं पू. ते म्हणाले, "ताप उतरला होता, रोग उतरला नव्हता." एवढ्यावर माझें समाधान झालें नाहीं. दाह शमविणारें जें द्रव्य शरीर स्वतःच तयार करतें, त्याच जातीचें औषध बाहेरून दिलें असतां जनावर वांचण्याऐवजीं मरावें कां? ह्या प्रश्नाचा मीं पुष्कळ दिवस पाठपुरावा केला. शाळा मी थोडीच शिकलेला असल्यानें मला तो समजावयास वेळ लागला. जेवढा समजला तेवढा येथें मांडतों.

दाह म्हणजे काय, हें बैलाच्या खांद्यावर सूज पाहिलेल्यास सांगावयास नको. लाली, ऊन लागणें, सूज, ठणका आणि त्या अवयवाचें काम बंद पडणें, हीं त्याचीं बाह्य लक्षणें. आंत काय घडतें तें असें: रक्तांतील पांढऱ्या पेशी, आणि ठिकठिकाणीं ठाणें देऊन बसलेल्या भक्षक पेशी, परक्या जंतूची खूण ओळखतात. कित्येक जंतूंच्या बाह्य आवरणांत लिपोपॉलिसॅकराइड नांवाचें द्रव्य असतें. तें पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट ग्राहीस (म्हणजे ठराविक द्रव्यच धरणाऱ्या प्रथिनास) लागलें कीं पेशी चेतते आणि टी.एन.एफ., इंटरल्यूकिन-१ अशीं निरोप्यांचीं कामें करणारीं द्रव्यें सोडते. त्यांच्यामुळें ताप येतो, अन्नावरची वासना जाते, आणि आणखी पेशी तेथें धांवून येतात. डुकराच्या बाबतींत एक गोष्ट विशेष आहे. त्याच्या फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अंगासच भक्षक पेशी चिकटून बसलेल्या असतात. गाय, मेंढी, शेळी यांचेंहि तसेंच आहे. माणसाच्या निरोगी फुप्फुसांत त्या अशा रीतीनें नसतात. त्यामुळें रक्तांत जंतूंचें विष आलें कीं ह्या जनावरांचा पहिला भडका फुप्फुसांत होतो. पिलें खोकत कां होतीं, त्याचें निदान अर्धें कारण येथें आहे.

आग लागली कीं ती आवरणाराहि पाहिजे. मेंदूच्या तळाकडून पिट्यूटरी ग्रंथीस, तिच्याकडून मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथीस असा निरोप जाऊन त्या ग्रंथींतून कॉर्टिसोल नांवाचें संप्रेरक रक्तांत उतरतें. डुकराचें हें मुख्य ताण-संप्रेरक होय. निरोगी मोठ्या डुकरांत तें सकाळीं जास्त व रात्रीं कमी असतें. भीति, उन्हाळा, भूक, अनोळखी सोबती, प्रवास, ताप, यांपैकीं कांहींहि झालें तरी तें वाढतें. दाह शमविण्याची त्याची शक्ति जगास प्रथम दिसली ती १९४८ सालीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं त्याच कुळांतील कॉर्टिसोन हें द्रव्य संधिवातानें जखडलेल्या एका बाईस दिलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांस त्याबद्दल १९५० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून या कुळांतील औषधें हा एक चमत्कारच आहे अशी जी लोकांची भावना झाली, ती आमच्या खेड्यांतील औषधाच्या दुकानापर्यंत अजून टिकून आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों, आणि तो समजण्यास मला माझ्या जुन्या नोकरीचाच उपयोग झाला. तहसिलींतून हुकूम सुटला आणि जावक बारनिशींत त्याची नोंद झाली, म्हणजे वरिष्ठांच्या लेखीं काम झालें. पण तो गांवच्या चावडीवर पोंचला काय, ज्याच्या नांवें होता त्यानें तो हातीं घेतला काय, आणि घेऊन त्याप्रमाणें वागला काय, ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत. जनावराच्या रक्तांतील कॉर्टिसोल मोजणें म्हणजे जावक बारनिशी वाचणें होय. कॉर्टिसोल पुष्कळ आहे, यावरून दाह आवरला जात आहे असें अनुमान काढतां येत नाहीं. हुकुमाची तामिली होते ती पेशीच्या आंत, आणि तेथें ती करणारा कामगार म्हणजे कॉर्टिसोलचा ग्राही.

हा ग्राही पेशीच्या रसांत इतर कांहीं प्रथिनांच्या सोबतीनें वाट पाहत बसलेला असतो. कॉर्टिसोल स्निग्ध जातीचें असल्यामुळें पेशीच्या आवरणांतून सहज आंत शिरतें व ग्राहीस मिळतें. मग ती जोडी पेशीच्या केंद्रकांत जाते. तेथें ती दाह शमविणारीं प्रथिनें तयार करण्याचीं कलमें उघडते, आणि एन-एफ-कप्पा-बी नांवाचा जो दाहाचा मुख्य चेतक आहे त्यास दाबून धरते. टी.एन.एफ. व इंटरल्यूकिन यांची पैदास त्यामुळें घटते. सर्व सुरळीत असलें म्हणजे आग आणि पाणी यांचा मेळ बसतो; पिलूं दोन दिवस सुस्त राहतें आणि तिसऱ्या दिवशीं आपोआप खाऊं लागतें.

परंतु दाह जोराचा किंवा लांबलेला असला कीं हा मेळ बिघडतो, आणि तो एका ठिकाणीं बिघडत नाहीं. टी.एन.एफ. आणि इंटरल्यूकिन-१ यांच्या चेतनेनें पेशींत जीं रासायनिक चक्रें फिरूं लागतात, त्यांतील कांहीं ग्राहीच्या अंगावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. असा शिक्का चुकीच्या जागीं पडलेला ग्राही केंद्रकांत जाण्यास मंदावतो किंवा तेथें जाऊनहि काम नीट करीत नाहीं. दुसरें असें कीं केंद्रकांत एन-एफ-कप्पा-बी आधींच ठाण मांडून बसलेला असतो, आणि दोघांनाहि लागणारे मदतनीस तेच व मोजकेच असल्यानें ग्राहीच्या वाट्यास ते येत नाहींत. तिसरें, खुद्द कॉर्टिसोलच फार दिवस चढें राहिलें तर पेशी ग्राहींची पैदास कमी करते, आणि एफ-के-बी-पी-५ नांवाचें एक प्रथिन वाढविते, जें ग्राहीस कॉर्टिसोल धरूं देण्यांत अडथळा आणतें. येथें एक शंका वाजवी आहे: पेशीनें असें बहिरें व्हावें हें निसर्गानें ठेवलेंच कां? मला वाटतें, आरंभीं त्याचा उपयोगच असावा. जंतूंशीं गांठ पडलेल्या ठिकाणच्या पेशी पहिल्याच हुकुमासरशीं गप्प बसल्या तर लढणार कोण? अडचण होते ती लढाई संपल्यावरहि, किंवा मालकानें ताणावर ताण घातल्यामुळें, कान उघडत नाहींत तेव्हां.

ॲड्रिनलिनची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे ग्राही पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशींवरहि. ॲड्रिनलिन त्यांस लागलें कीं आंत चक्रीय ए-एम-पी नांवाचा दुय्यम निरोप्या तयार होतो व पेशीचा जोर बहुधा कमी होतो. एकसारखी हांक चालूं राहिली तर हे ग्राही कांहीं मिनिटांतच मंदावतात आणि पुढें पृष्ठभागावरून आंत ओढले जातात. दार वाजविणारा वाजवीत राहतो, पण कडीच काढून घेतलेली असते. टेंपोंत आठ तास घाबरून उभ्या राहिलेल्या पिलाच्या रक्तपेशी दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणत्या स्थितींत असतील, याचा विचार वाचकांनीं करावा.

हें सर्व कोणी पाहिलें कसें, असें विचारणारे वाचक असतीलच. रीत समजण्यास कठीण नाहीं. डुकराचें रक्त घेऊन त्यांतील पांढऱ्या पेशी निराळ्या काढतात, कांचेच्या भांड्यांत त्यांस लिपोपॉलिसॅकराइडनें चेतवितात आणि त्यांनीं टी.एन.एफ. किती सोडलें तें मोजतात. मग तोच प्रयोग कॉर्टिसोलचे वाढते अंश मिसळून करतात. थोड्या कॉर्टिसोलनें पेशी शांत झाल्या तर त्यांचे कान शाबूत. पुष्कळ घालूनहि शांत होत नसतील तर त्या बहिऱ्या. जर्मनींतील डुमरस्टॉर्फ येथील पशुशास्त्र संस्थेंत डुकरांवर या दिशेनें पुष्कळ वर्षें काम झालें आहे. तेथें लहान पिलांस आईपासून व भावंडांपासून रोज दोन तास एकटें ठेवून पाहिलें, आणि एवढ्याशा गोष्टीनेंहि त्यांच्या ताण-संप्रेरकांची व प्रतिकार करणाऱ्या पेशींची वर्तणूक बदललेली आढळली. आम्हांस हें विलायती लाड वाटतील. पण पिलूं आईपासून कसें तोडावें, हा प्रश्न दयेचा जितका आहे तितकाच हिशेबाचाहि आहे.

गुरांकडे एकदां वळून पाहिलें पाहिजे, कारण तेथें हीच गोष्ट आपल्या रोजच्या नुकसानीशीं जाऊन भिडते. गाय विण्याच्या सुमारास तिचें कॉर्टिसोल चढतें आणि त्याच वेळीं न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशींतील कॉर्टिसोलचे ग्राही घटतात. शिवाय ह्या पेशींच्या अंगावर रक्तवाहिनीच्या भिंतीस धरण्याचा जो आंकडा असतो, तो कॉर्टिसोलनें गळून पडतो. मग त्या पेशी रक्तांतच फिरत राहतात. रक्त तपासलें तर त्यांची संख्या वाढलेली दिसते, परंतु कासेंत, जेथें त्यांची गरज असते, तेथें त्या उतरत नाहींत. व्याल्यानंतरच्या आठवड्यांत कासदाह कां बळावतो, याचें एक कारण हें आहे. तसेंच घटसर्पाचे जंतु कित्येक निरोगी जनावरांच्या घशांत मुकाट्यानें राहत असतात. पहिल्या पावसांत, उन्हाळ्यानें खंगलेल्या व नांगराला जुंपलेल्या बैलाच्या अंगीं ते एकाएकीं उठतात. आमच्या वाडवडिलांस ग्राही ठाऊक नव्हते, पण मृगापूर्वीं बैलाचे खाण्यापिण्याचे हाल होऊं नयेत हें ठाऊक होतें.

दाहाचा परिणाम इतर संप्रेरकांवरहि होतो, तो थोडक्यांत सांगतों. व्यालेल्या डुकरिणीच्या आंतड्यांतून, गर्भाशयांतून किंवा कासेंतून जंतूंचें विष रक्तांत गेलें तर दूध आणणारें प्रोलॅक्टिन घटतें, आणि कास वरून भरलेली दिसत असतांहि पिलें उपाशीं मरतात. तापलेल्या जनावराच्या यकृतांत वाढीच्या संप्रेरकाचा ग्राही आपलें काम मंदावतो. म्हणून आजारांतून उठलेलें पिलूं चारा खाऊनहि पुष्कळ दिवस अंग धरीत नाहीं. विक्रीच्या वेळीं जो तोटा निघतो त्यांतला बराचसा असा असतो, मेलेल्या पिलांच्या रकान्यांत तो दिसत नाहीं.

आतां त्या इंजेक्शनाकडे परत जाऊं. डेक्सामेथासोन हें कॉर्टिसोलच्याच ग्राहीस लागतें, आणि दाह शमविण्यांत त्याची शक्ति कॉर्टिसोलच्या सुमारें २५ ते ३० पट धरतात. म्हणजे कमी ऐकूं येणाऱ्यास हांक ऐकूं जावी म्हणून नगारा वाजविण्यासारखें तें आहे. नगाऱ्यानें फुप्फुसांतल्या बहिऱ्या पेशी कदाचित् थोड्या हलतील. पण ज्यांचे कान शाबूत आहेत अशा सर्व पेशी, ज्या जंतूंशीं झगडत होत्या, ज्या कालच्या लसीची ओळख करून घेऊन तिचीं प्रतिद्रव्यें तयार करावयास बसल्या होत्या, त्या गप्प बसतात. मेंदूस ताप उतरल्याचें कळतें, भूक लागते, मालक आनंदतो, आणि फुप्फुसांत जंतूंस मोकळें रान मिळतें. नऊ पिलें ह्याच एका कारणानें मेलीं असें पशुवैद्य म्हणाले नाहींत, आणि मीहि म्हणत नाहीं. प्रवास, ऊन, आईपासून तोडणें, हीं सर्व त्यांत आहेत. पण उरलेल्या तेरा पिलांच्या लसीचा भरंवसा त्यांनीं मुळींच दिला नाहीं व पुन्हां लस टोचावयास सांगितलें, त्याचें कारण मात्र त्यांनीं स्पष्ट हेंच सांगितलें.

हें औषध वाईट आहे असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी करूं नये. ॲलर्जीच्या झटक्यांत, मेंदूच्या सुजेंत, व्यालेल्या गाईच्या किटोसिस रोगांत तें पशुवैद्याच्या हातीं जीव वांचवितें. पण कोणत्या वेळीं, कोणत्या प्रतिजैविकाच्या जोडीनें आणि किती दिवस, हें ठरविण्याचा अधिकार दुकानदारास नाहीं व आपल्यासहि नाहीं. गाभण गाईम्हशींच्या बाबतींत तर फारच जपावें: शेवटच्या महिन्यांत दिलेल्या ह्या औषधानें जनावर वेळेआधीं वितें व वार अडकते, मुद्दाम विण्यास लावण्यासाठींहि पशुवैद्य त्याचा उपयोग करतात. नुसता ताप व ठणका कमी करणारीं मेलॉक्सिकॅमसारखीं औषधें निराळ्या वाटेनें चालतात, त्यांचा ह्या ग्राहीशीं संबंध नाहीं. तीं सुद्धां विचारूनच द्यावीं. (डायक्लोफेनॅक जनावरांस देण्यास २००६ पासून बंदी आहे, आणि ती गिधाडांमुळें आहे, हें येथें जातां जातां सांगतों, अजून तें मागणारे मीं पाहिले आहेत.) दवाखाना दूर असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतें पथक बोलावितां येतें.

खरा उपाय मात्र बाटलींत नाहीं. नवीं पिलें थंड वेळीं आणावीं. डुकरास घाम फारसा येत नाहीं, तें पाण्यानें, चिखलानें व सांवलीनें निवतें. म्हणून उतरल्याबरोबर खाद्य नव्हे तर पाणी व सांवली द्यावी. आईपासून तोडणें, गाडींत घालणें, अनोळखी कळपांत सोडणें आणि लस टोचणें हीं चार कामें एका आठवड्यांत कोंबूं नयेत. नवीं जनावरें निदान दोन आठवडे जुन्यांपासून निराळीं ठेवावीं. लस निरोगी, खातेंपितें पिलूं पाहूनच टोचावी. कोणत्या वयांत, हें त्याच्या आईला लस होती कीं नाहीं यावर अवलंबून असल्यानें पशुवैद्यास विचारावें. आणि ही लस क्लासिकल स्वाइन फीव्हरची आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा अगदीं निराळा रोग, जो भारतांत प्रथम २०२० सालीं आसाम व अरुणाचल प्रदेशांत आढळला, त्यास ती लागू पडत नाहीं.

आमच्या शेजाऱ्यानें पुढली खरेदी मार्गशीर्षांत केली. या खेपेस चौदाच पिलें, रात्रीं निघून पहांटे गांवांत. आईपासून तोडल्यावर दहा दिवस तीं विकणाऱ्याकडेच ठेवावीं म्हणून त्यानें दर पिलामागें थोडे पैसे जास्त मोजले. जमाखर्चाच्या वहींत ती रक्कम कोणत्या सदरीं घालावी, असा प्रश्न त्यानें मला विचारला. मीं ती औषधाच्या सदरीं घातली.